बैठकीचे चित्र काढताना : वाचकांचे प्रश्न, आमची उत्तरे

मागील अंकात स्मार्ट मीटिंग रूमवर, म्हणजे माइक, कॅमेरे आणि सेन्सर लावून बैठकीची नोंद आपोआप ठेवणाऱ्या खोलीवर लेख आला होता. त्यावर आलेल्या बहुतेक पत्रांतली अडचण सारखीच आहे. यंत्रे नोंद ठेवतात, पण ती पडद्यावर आली की काही कळत नाही, किंवा भलतेच कळते. निवडक प्रश्न खाली घेतले आहेत. ज्यांनी नुसते "कोणते सॉफ्टवेअर घेऊ?" एवढेच विचारले, त्यांनी आधी हे वाचावे, निम्म्या अडचणी सॉफ्टवेअर बदलून सुटणाऱ्या नाहीत.

प्रश्न : आमच्या पतसंस्थेच्या संचालक मंडळाची बैठक तीन-तीन तास चालते. टेबलावर चार माइक आहेत. कोण कधी बोलले हे सॉफ्टवेअर वेगळे करते आणि एक रंगीत पट्टी काढून देते. अकरा संचालक, अकरा रंग. पट्टी अगदी गोधडीसारखी दिसते. तिच्यातून काही वाचता येईल असे कसे करावे?
— एक सचिव, फोंडा

उत्तर : आधी साधा हिशेब करू. तीन तास म्हणजे १०,८०० सेकंद. पडदा रुंदीला १,९२० ठिपक्यांचा असेल, तर एका ठिपक्यात साडेपाच सेकंदांहून जास्त वेळ कोंबला जातो. "मंजूर" म्हणायला एक सेकंदही लागत नाही. तो शब्द सॉफ्टवेअर एक तर गाळते, नाहीतर त्याला अख्खा ठिपका देऊन पाचपट फुगवते. तुमची गोधडी झाली ती यामुळे.

म्हणून चित्रे दोन करा. वरचे पूर्ण बैठकीचे. त्यात वेळेचे ३० सेकंदांचे घर पाडा. तीन तासांची ३६० घरे होतात, प्रत्येकाला ५ ठिपके दिले की १,८०० ठिपके खर्ची पडतात आणि उरलेल्या १२० ठिपक्यांत डावीकडे आडनावे बसतात. त्या ३० सेकंदांत माणूस जितका बोलला असेल तितके घर गडद. खालचे चित्र पाच मिनिटांच्या खिडकीचे. वर जिथे टिचकी माराल तिथले खाली उघडावे. तिथे एक ठिपका ०.१६ सेकंदाचा, त्यामुळे "मंजूर"ही स्पष्ट दिसते.

रंगांचे म्हणाल तर ते काढून टाका. अकरा रंगांची यादी डोक्यात ठेवून पट्टी वाचणारा माणूस आम्हाला अजून भेटलेला नाही, आणि ज्यांना लाल-हिरव्यातला फरक दिसत नाही त्यांची तर पंचाईतच. प्रत्येकाला स्वतंत्र ओळ द्या, सगळ्या ओळी एकाच गडद रंगात. दुसरा रंग फक्त दोघे एकाच वेळी बोलले तिथे वापरा. मंडळाच्या बैठकीत तापलेले विषय त्या रंगावरून लगेच सापडतात.

ओळींचा क्रम नावांच्या अकारविल्ह्याने लावू नका, बसण्याच्या क्रमाने लावा. याला कारण आहे. अकराजणांत चार माइक, म्हणजे एका माइकवर दोघे-तिघे. सॉफ्टवेअर गोंधळते ते याच शेजाऱ्यांत. शेजारी-शेजारी ओळी असल्या की एकाच वाक्याचे तुकडे वर-खाली उड्या मारताना दिसतात आणि चूक तिथेच पकडता येते. शिवाय खाली "ओळख पटली नाही" अशी एक ओळ ठेवाच. ती नसेल तर सॉफ्टवेअर प्रत्येक आवाज कोणाच्या तरी माथी मारते.

एकाच माणसाच्या दोन तुकड्यांत अर्ध्या सेकंदाहून कमी खंड असेल तर ते जोडा. "हूं", "बरं" असले हुंकार मात्र पुसू नका. बारीक उभ्या खुणा म्हणून ठेवा. ऐकणारा जागा होता की नाही हे त्यांच्यावरून कळते.

चित्रावर विसंबण्याआधी एक परीक्षा घ्या. सुरुवात, मध्य आणि शेवट इथली प्रत्येकी दहा मिनिटे कानाने ऐकून हाताने खुणा करा. त्यांतले प्रत्यक्ष बोलणे १,५०० सेकंदांचे भरले, सॉफ्टवेअरने ९० सेकंद गाळले, ४५ सेकंद नसलेले बोलणे दाखवले आणि १२० सेकंद चुकीच्या माणसाच्या नावे टाकले, तर एकूण चूक २५५ सेकंद, म्हणजे १७ टक्के. एवढ्या चुकीवर विषय शोधायला चित्र चालेल. कोण किती बोलले याचा हिशेब मांडायला चालणार नाही.

आणि एक बिनखर्चाची गोष्ट. विषयपत्रिकेवरचा विषय बदलला की सचिवाने कीबोर्डवरचे एक बटण दाबावे. त्या वेळी चित्रात उभी रेघ पडून "विषय क्र. ४" असे उमटावे. तीन तासांतला हवा तो भाग शोधायला या सात-आठ रेघा बाकी सगळ्या यंत्रसामग्रीहून जास्त कामाच्या ठरतात.

प्रश्न : आम्ही आवाज एका रेकॉर्डरवर घेतो आणि प्रोजेक्टरवरच्या स्लाइड लॅपटॉपवर व्हिडिओ म्हणून टिपतो. सुरुवातीला दोन्ही जुळतात. तीन तासांनंतर मात्र वक्ता "पुढची स्लाइड" म्हणायच्या चार सेकंद आधीच स्लाइड बदललेली दिसते. घड्याळ चुकते का?
— एक वाचक, म्हापसा

उत्तर : घड्याळावर संशय घेण्याआधी भागाकार करा. १०,८०० सेकंदांत ४ सेकंद म्हणजे दहा लाखांत सुमारे ३७० चा फरक. साध्या रेकॉर्डरमधला वेळ मोजणारा स्फटिकही दहा लाखांत २० ते ५० एवढाच चुकतो. दोन यंत्रे उलट दिशांना ५०-५० ने चुकली तरी तीन तासांत फरक एका सेकंदाच्या आसपास राहील. चार सेकंद तेवढ्याने पडणार नाहीत.

तुमची चौकट, म्हणजे व्हिडिओतले एकेक चित्र (फ्रेम), गळते आहे. सेकंदाला २५ चौकटी धरल्या तर तीन तासांच्या २,७०,००० झाल्या. लॅपटॉप तापला, डिस्क भरत आली किंवा मध्येच अपडेट सुरू झाले की काही चौकटी टिपल्याच जात नाहीत. अशा फक्त १०० गळल्या की चित्र ४ सेकंदांनी आखूड होते आणि शेवटाकडे स्लाइड आवाजाच्या पुढे धावतात. तुम्ही लिहिले आहे तेच लक्षण.

खात्री करायची तर बैठकीच्या सुरुवातीला, मध्यंतरात आणि शेवटी कॅमेऱ्यासमोर एकेक टाळी वाजवा. नुसता पडदा टिपत असाल तर पडद्यावरचे मोठे घड्याळ दाखवून त्यातला आकडा मोठ्याने वाचा. फरक सारख्या गतीने वाढत गेला असेल तर दोष घड्याळाचा, आणि आवाज किंचित ताणून तो निस्तरता येतो. फरक मध्येच टप्प्याने वाढला असेल तर चौकटी गळल्या आहेत. तिथे ताणून उपयोग नाही, प्रत्येक उडीच्या जागी दुरुस्ती करावी लागते.

पुढच्या वेळी स्लाइडचा व्हिडिओ घेऊच नका. सेकंदाला एक चित्र घ्या आणि त्याच्या नावातच वेळ लिहा. एखादे चित्र गळले तरी पुढच्यांची वेळ चुकत नाही. दोन्ही यंत्रांची घड्याळे बैठकीआधी एनटीपीवरून, म्हणजे इंटरनेटवरून वेळ जुळवण्याच्या सोयीने, जुळवून घ्या.

प्रश्न : आलेखात सकाळी दहाची बैठक पहाटे साडेचारला दिसते.
— एक वाचक, पर्वरी

उत्तर : नोंद यूटीसीमध्ये, म्हणजे जागतिक प्रमाणवेळेत, आहे आणि आलेख काढताना भारतीय वेळेचे साडेपाच तास मिळवलेले नाहीत. नोंद यूटीसीतच राहू द्या, फक्त दाखवताना बदला. मात्र तासागणिक बेरजा आधीच यूटीसीत करून ठेवल्या असतील तर नुसते आकडे सरकवून भागत नाही. यूटीसीचा तास आपल्याकडे अर्ध्यावर सुरू होतो, त्यामुळे "१० ते ११" या घरात खरे तर साडेनऊ ते साडेदहाचा वेळ मोजला जातो. मूळ नोंदींवरून बेरजा पुन्हा करा.

प्रश्न : कंपनीत सहा मीटिंग रूम आहेत. कोणती खोली किती वापरली जाते हे पाहायला छताला सेन्सर लावले आणि ग्राफाना या आलेख काढणाऱ्या सॉफ्टवेअरवर पट्ट्या काढल्या. भर बैठकीत खोली रिकामी दिसते आणि रात्री दोनला भरलेली. सेन्सर खराब निघाले का?
— प्रशासन विभाग, वेर्णा औद्योगिक वसाहत

उत्तर : सेन्सर बहुधा ठीक आहेत. ते माणूस ओळखत नाहीत एवढेच.

स्वस्तातला पीआयआर सेन्सर शरीराच्या उष्णतेची हालचाल टिपतो. सादरीकरण पाहत दहाजण स्वस्थ बसले की त्याच्या लेखी खोलीत कोणी नाही. मे महिन्यात एसी बंद असताना भिंती आणि कातडी यांच्या तापमानातला फरकच कमी होतो, मग तो आणखी आंधळा होतो. रात्रीचे दोन वाजता काय घडते ते वीज खात्याला विचारा. वीज जाऊन परत आली की यातले बरेच सेन्सर स्थिरावायला मिनिटभर घेतात आणि तेवढ्यात खोटे इशारे देतात. एसी आपोआप सुरू होणारा असेल तर त्याच्या झोताचीही भर पडते. पावसाळ्यात आपल्याकडे हे रोजचेच. वीज आल्यापासूनची पहिली ६० सेकंदांची नोंद सरळ टाकून द्या.

स्वस्थ बसलेला माणूस दिसायला हवा तर २४ गिगाहर्ट्झचा रडार सेन्सर लावा. तो श्वासाची हालचालही टिपतो. पण त्याची खोड वेगळी. छताचा पंखा, एसीने हलणारा पडदा हेही त्याला जिवंत वाटतात, आणि प्लायवूडच्या किंवा जिप्समच्या पार्टिशनपलीकडे कॉरिडॉरमधून जाणारा माणूस तो आत मोजतो. म्हणून तो छताला न लावता भिंतीवर दीड ते दोन मीटर उंचीवर, पंख्याच्या पात्यांखाली पाहील असा लावा. एलडी२४१० सारख्या मॉड्यूलमध्ये अंतराचे ०.७५ मीटरचे टप्पे असतात आणि प्रत्येक टप्प्याची संवेदनशीलता वेगळी ठरवता येते. खोली चार मीटरची असेल तर पाच टप्पे, म्हणजे ३.७५ मीटर, चालू ठेवा आणि पुढचे बंद करा.

आता पट्टीविषयी. "भरलेली" आणि "रिकामी" या दोनच अवस्था दाखवत असाल तर तिसरी जोडा : "माहिती नाही". वायफाय गेले की सेन्सरची शेवटची नोंद तशीच अडकून राहते आणि खोली शुक्रवार संध्याकाळपासून सोमवार सकाळपर्यंत भरलेली दिसते. सेन्सरने काही घडो न घडो, दर ६० सेकंदांनी हजेरी द्यावी. तीन हजेऱ्या चुकल्या की पट्टी राखाडी. पाच मिनिटांपेक्षा छोटी रिकामी फट बुजवा, नाहीतर कोणी हलले नाही की एका बैठकीच्या चार बैठका होतात. पण बुजवणे फक्त चित्रात करा, मूळ नोंदीत नको.

प्रश्न : प्रकल्पासाठी ६ मीटर लांबीच्या खोलीचा हीटमॅप, म्हणजे माणसे कुठे किती वेळ होती हे रंगाने दाखवणारा नकाशा, करते आहे. कॅमेरा कोपऱ्यात ३ मीटर उंचीवर. फरशीवरचे चार बिंदू घेऊन कॅमेऱ्याचे चित्र नकाशावर बसवले आहे. सॉफ्टवेअर डोकी बरोबर ओळखते, पण नकाशावर मागच्या रांगेतली माणसे भिंतीबाहेर बसलेली दिसतात.
— एक विद्यार्थिनी, फर्मागुडी

उत्तर : तुमचे गणित फरशीपुरते खरे आहे आणि डोकी फरशीवर नाहीत. बसलेल्या माणसाचे डोके सुमारे १.२ मीटरवर असते. कॅमेऱ्यातून निघालेली रेघ त्या डोक्याला लागून पुढे जाते आणि मग फरशीला टेकते. अंतराला कॅमेऱ्याच्या उंचीने गुणा आणि कॅमेऱ्याच्या व डोक्याच्या उंचीतल्या फरकाने भागा. ३ मीटरवर बसलेला माणूस ३ गुणिले ३ भागिले १.८, म्हणजे ५ मीटरवर उमटतो. ४ मीटरवरचा ६.६७ वर. भिंत ६ वर, म्हणून तो बाहेर.

उपाय असा. चार काठ्या घ्या, प्रत्येकीवर १.२ मीटरवर रंगीत टेप लावा, खोलीच्या चार बाजूंना उभ्या धरा आणि फरशीऐवजी टेपच्या खुणा बिंदू म्हणून वापरा. बसलेली माणसे जागेवर येतील. उभी राहिलेली मात्र सरकतील. डोके १.६५ मीटरवर असेल तर ३ मीटरवरचा माणूस ४ मीटरवर दिसेल. फळ्याजवळ उभे राहणाऱ्यांसाठी तेवढा भाग वेगळा आखा आणि तिथे पावलांचा बिंदू फरशीच्या गणिताने बसवा.

नकाशाचे घर ५० सेंटीमीटरचे ठेवा. २५ चे केले तर चित्र सुंदर दिसते, पण डोके शोधण्यातलीच चूक तेवढी असते. दोन तास एका जागी बसलेला माणूस बाकी सगळा नकाशा फिका पाडतो, तेव्हा रंगाचे प्रमाण लॉगरिदमिक, म्हणजे रंगाच्या दर पायरीला वेळ ठरावीक पटीने वाढेल असे, घ्या. खरे सांगायचे तर खुर्च्या ठरलेल्या असतील तिथे हीटमॅपची हौस नको. खुर्चीचा चौकोन काढा आणि त्यात मिनिटे लिहा.

सरावाला सामग्री हवी असेल तर युरोपातील संशोधकांनी तयार केलेला एएमआय हा सुमारे १०० तासांच्या बैठकींचा संग्रह मोफत मिळतो. बैठका इंग्रजीत आहेत, पण माइक, कॅमेरे, स्लाइड आणि फळा यांच्या नोंदी एकाच वेळेला जुळवलेल्या आहेत.

प्रश्न : ग्रामसभेला दीड-दोनशे लोक येतात. कोणी कोकणीत बोलते, कोणी मराठीत, मध्येच इंग्रजी. सभागृहावर पत्रे, जुलैत पाऊस पडला की शेजारच्याचे ऐकू येत नाही. कोणी काय विचारले याचे चित्र आणि मजकूर आपोआप मिळेल का?
— एक वाचक, डिचोली

उत्तर : "कोण बोलले" आणि "काय बोलले" या दोन वेगळ्या कामांची गल्लत करू नका. आवाजावरून माणसे वेगळी करणाऱ्या सॉफ्टवेअरला भाषेचे फारसे देणेघेणे नसते. मजकूर लिहिणाऱ्याला असते. २०२२ मध्ये आलेले व्हिस्पर हे बोलण्याचा मजकूर करणारे मोफत सॉफ्टवेअर मराठी ओळखते, पण त्याच्या भाषांच्या यादीत कोकणी नाही. कोकणी वाक्याचे ते ओढूनताणून मराठी किंवा हिंदी करते, आणि नुसता पाऊस वाजत असला तर कोणी न बोललेली वाक्येही लिहून मोकळे होते. इतिवृत्तात असे वाक्य शिरले तर पुढच्या सभेत काय होईल ते तुम्हीच जाणता. आयआयटी मद्रासच्या एआयफॉरभारत गटाची प्रारूपे (मॉडेल) आठव्या अनुसूचीतल्या बावीसही भाषांसाठी आहेत, कोकणीसह. ती वापरून पाहा, पण एका वाक्यात दोन भाषा आल्या की कोणतेही प्रारूप अडखळते हे धरून चाला.

पावसाचा आवाज फिल्टरने जात नाही. तो जाड-बारीक सगळ्या स्वरांत पसरलेला असतो, बोलणेही तिथेच असते. इलाज अंतराचा. तोंडापासून एक मीटरवरचा माइक १० सेंटीमीटरवर आणला की बोलणे २० डेसिबलने वर येते आणि पाऊस आहे तिथेच राहतो. म्हणून छताला माइक टांगू नका. हातात फिरणारे दोन आणि मंचावरचा एक, असे तीन माइक तीन वेगळ्या ट्रॅकवर घ्या. मिक्सरमध्ये एकत्र झालेला आवाज नंतर सुटा करता येत नाही.

दोनशे माणसे आवाजावरून ओळखायचा नादही सोडा. बोलणाऱ्याने आधी नाव आणि वाडा सांगावा, आणि माइक नेणाऱ्या मुलाने टॅबवर "नवा वक्ता" बटण दाबावे. चित्र माणसागणिक न काढता प्रश्नागणिक काढा. प्रत्येक प्रश्नाची एक आडवी ओळ, त्याच ओळीत मंचाचे उत्तर वेगळ्या छटेत. उत्तर आलेच नाही तर ती जागा कोरी राहते, आणि लोकांना बघायचे असते ते तेच. पावसाने आवाज झाकला तेवढ्या वेळावर तिरप्या रेघा मारा, म्हणजे तिथला मजकूर कानाने तपासायचा आहे हे वाचणाऱ्याला कळेल.

प्रश्न : कार्यालयातल्या बैठकीनंतर कोण किती टक्के बोलले याचा गोल आलेख सगळ्यांना दाखवतो. सहभाग वाढावा हा हेतू. उलट लोक बिथरले.
— एक वाचक, मडगाव

उत्तर : बिथरणारच. अहवाल वाचून दाखवणाऱ्याचे वीस मिनिटे आणि नेमका मुद्दा मांडणाऱ्याचे वीस सेकंद त्या आलेखात एकाच तराजूत पडतात. त्यापेक्षा चौकटींचा तक्ता करा. आडव्या ओळीत आधी बोललेला, उभ्या रांगेत त्याच्यानंतर बोललेला, आणि चौकटीत किती वेळा ते. सगळे आकडे साहेबांच्या ओळीत आणि रांगेत साचले असतील तर लोक एकमेकांशी बोलत नाहीत, फक्त साहेबांना उत्तरे देतात. तो दोष बैठक चालवण्याचा, कोणा एका कर्मचाऱ्याचा नव्हे.

हा तक्ताही नावांशिवाय दाखवा. ओळखता येणाऱ्या माणसाचा आवाज म्हणजे वैयक्तिक माहिती आणि त्याबाबत २०२३ चा डिजिटल वैयक्तिक विदा संरक्षण कायदा आहे. कशासाठी नोंदतो हे आधी लेखी सांगा, रेकॉर्डिंग चालू असताना दारावर लाल दिवा ठेवा, आणि काम झाले की मूळ आवाज किती दिवसांनी पुसणार ते ठरवून खरोखर पुसा. पगारवाढीच्या फायलीत हा आलेख एकदा जरी गेला, तरी पुढच्या बैठकीत लोक आलेखासाठी बोलतील.

प्रश्न : एसी चालू असूनही तासाभरात सगळे जांभया देतात. कार्बन डायऑक्साइड मोजून तो बैठकीच्या पट्टीसोबत दाखवावा म्हणतो. काय काळजी घ्यावी?
— एक वाचक, पणजी

उत्तर : कल्पना चांगली आहे. स्प्लिट एसी आतलीच हवा थंड करून फिरवतो, बाहेरची आणत नाही. ६ बाय ५ मीटरची, ३ मीटर उंच खोली म्हणजे ९० घनमीटर. बसलेला माणूस तासाला साधारण १८ लिटर कार्बन डायऑक्साइड सोडतो. बाराजणांचे २१६ लिटर. खोली अगदी बंद असेल तर तासाभरात २,४०० पीपीएमची (हवेच्या दहा लाख भागांत २,४०० भागांची) भर पडते. बाहेरच्या हवेत सुमारे ४२० असते. फटींतून हवा जाते-येते म्हणून प्रत्यक्ष आकडा कमी येईल, तरी हवा कोंदट झाल्याची खूण मानली जाणारी १,००० ची रेघ बहुधा अर्ध्या तासाच्या आतच ओलांडली जाईल.

सेन्सर एनडीआयआर (वायूने शोषलेल्या अवरक्त प्रकाशावरून मोजणारा) किंवा फोटोअकूस्टिक (प्रकाशाने वायूत उठणाऱ्या आवाजावरून मोजणारा) प्रकारचा घ्या. एमक्यू-१३५ हा सेन्सर स्वस्त म्हणून घेऊ नका. तो कार्बन डायऑक्साइड मोजतच नाही, इतर वायूंवरून अंदाज बांधतो, आणि आपल्या पावसाळी दमटपणात तो अंदाजही वाहून जातो. चांगल्या सेन्सरमध्ये आपोआप शून्य जुळवण्याची सोय असते, पण त्याला आठवड्यातून एकदा तरी बाहेरच्या हवेइतकी मोकळी हवा लागते. खोली कायम बंद राहत असेल तर ती सोय बंद करा आणि महिन्यातून एकदा सेन्सर गॅलरीत नेऊन जुळवा. बसवताना उंची १.२ मीटर, कोणाच्याही तोंडापासून मीटरभर लांब, एसीच्या झोताबाहेर.

चित्रात ही रेघ बोलण्याच्या पट्टीवर चढवू नका, तिच्याखाली वेगळ्या चौकटीत, वेळ तीच ठेवून काढा. हवा खोलीभर मिसळायला वेळ लागतो, तेव्हा माणसे आत आल्याबरोबर रेघ चढणार नाही आणि बाहेर गेल्याबरोबर उतरणार नाही. यावरून डोकी मोजायला जाऊ नका. खिडकी उघडली की विषय बदलल्यासारखेच एक बटण दाबा, म्हणजे ती खूण आणि उतरू लागलेली रेघ वरखाली जुळवून पाहता येईल.